खासबागेला सुरी कुणी लावायची?

अहो वहिनी, ऐकलंत का? की पोचलं तुमच्यापर्यंत इचलकरंजीलाच? नेमक्या माहेरी गेलात आणि इकडे केवढं महाभारत झालं! कोपऱ्यावरच्या आबांचा ऐंशीचा वाढदिवस हो, नागपंचमीचा. केक आला, मेणबत्त्या विझल्या, पोरांचं 'हॅपी बर्थडे' म्हणून झालं, आणि थोरल्या सुनेनं रिबीन बांधलेली सुरी आबांच्या पुढे केली. तशा माई म्हणाल्या, "आज नागपंचमी." बस. दोनच शब्द. काय तोंड झालं हो थोरलीचं! सुरी हातात तशीच, रिबीन लोंबतेय, फोटोवाला पोरगा मोबाईल उंच धरून उभा...

पण असं मधूनच सांगितलं तर मजा नाही. या, इकडे सावलीला या. पहिल्यापासून सांगते.

आबांचा वाढदिवस तिथीनं, हे तुम्हाला माहितीच आहे. त्या काळी कुठली तारीख नि कुठलं काय. नागपंचमीला जन्मले, एवढं आईला आठवत होतं. तर गेल्या वर्षी नागपंचमी आली 9 ऑगस्टला. तुम्हाला आठवतंय ना, आदल्या रात्री काय झालं? आपलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. केशवरावांच्या जयंतीची पूर्वसंध्या, आणि ज्वाळा आपल्या इथून दिसत होत्या. आबा रात्रभर जागे. खासबागेचं कुस्तीचं मैदान त्याच्या पाठीला पाठ लावून, त्यालाही झळ लागली. सकाळी माई ओवाळायला गेल्या तर म्हणाले, "न्हाय. आज काय बी नको." त्याच्या आठवडाभर आधी, 1 ऑगस्टला, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ मारलं होतं, तेव्हा ह्याच माणसानं गल्लीत पेढे वाटले होते बघा. आणि नागपंचमीला खोलीचं दार लावून बसले.

म्हणून यंदा सगळ्यांनी ठरवलं, दणक्यात करायचा. ऐंशी पूर्ण. आणि तिथूनच सुरू झालं हो सगळं.

थोरली म्हणाली, फोटो केक आणू. आबांचा फेट्यातला फोटो केकवर छापून मिळतो, खायच्या शाईनं. माई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे ह्यांच्या तोंडावरनं सुरी फिरवायची होय गं?" झालं, फोटो केक तिथेच संपला. मग नातवाचं सुरू, फुटबॉलचा करा. त्याला काय, दिवसरात्र अर्जेंटिना. धाकट्या सुनेनं केला होताच ना त्याच्यासाठी, 2022 च्या डिसेंबरात, वर्ल्ड कपची फायनल होती त्या रविवारी? आपण सगळे खाऊन आलो होतो. बारा काळे पंचकोन, वीस पांढरे षटकोन, एकेक कागदावर आखून कापलेला, कारण एक जरी मिलिमीटरनं चुकला तर शेवटचा तुकडा बसतच नाही म्हणे. बॉल काय सुरेख झाला होता! आणि मेस्सी जिंकला तेव्हा सगळ्या पोरांच्या जिभा काळ्याकुट्ट. पांढऱ्या फॉन्डंटमध्ये, त्या साखरेच्या कणकेत हो, काळा रंग ओतला होता ना तिनं. आता हुशार झाली ती. काळं हवं असेल तर आधी चॉकलेटी फॉन्डंट घ्यायचं, मग त्याला रंग थोडकाच लागतो आणि कडूही होत नाही.

तर काय सांगत होते? हां. धाकटी. तिनं विचारलं थेट आबांना. "आबा, तुमाला काय पायजे?" आबा म्हणाले, "मला काय केक-बीक कळतंय? लेकी, खासबाग करतीस का?"

सगळे हसले. थोरली तर जोरात हसली. आणि धाकटी म्हणाली, "करतो की."

तिचं बोलणं तुम्हाला माहितीय, मंगळवार पेठेतली पोरगी, 'मी आलो, मी गेलो'. थोरली कोथरूडची, तिला ते अजून खुपतं. खुपू दे. लग्नाला एवढी वर्षं झाली, कान कसे तयार होत नाहीत कोण जाणे.

थोरलीनं एक पुडी सोडलीच. म्हणाली, "आमच्या पुण्यात त्या प्राची धबल देब आहेत ना, त्यांनी मिलानचं अख्खं कॅथेड्रल केलंय आयसिंगचं, 100 किलोचं." म्हणजे बघा, तू काय करणार. तर धाकटी शांतपणे म्हणते, "वहिनी, ते रॉयल आयसिंग. ते वाळून कडक होतंय, म्हणून कमानी उभ्या राहतात. हे फॉन्डंट, हे शेवटपर्यंत लवतंय. आणि पुण्याची हवा कोरडी." थोरलीला कळेना की तिला उत्तर दिलंय की पुण्याला टोमणा मारलाय. मला कळलं होतं. मी गप्प.

हो, मी होते ना तिथे. विरजण आणायला गेले होते.

आता अडचणी ऐका. एक तर श्रावण. 25 जुलैला श्रावण लागला, म्हणजे अंडं बंद. बिनअंड्याचा केक कोरायला बसलं की भुगा होतो म्हणतात. मग तिनं कंडेन्स्ड मिल्क घालून घट्ट वीण असलेला केक केला, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून गार केला आणि मग सुरी लावली. गार केक कापला की कडा धरतो. दुसरं म्हणजे फॉन्डंट. घरी करतात ते पिठीसाखर, ग्लुकोज, ग्लिसरीन आणि जिलेटिन घालून. जिलेटिन कशाचं असतं हे थोरलीनं माईंच्या देखत मुद्दाम मोठ्यानं सांगितलं! माईंचा हात तोंडावर. धाकटीनं लक्ष्मीपुरीतून आणलेलं पाकीट उलटं करून हिरवा ठिपका दाखवला. "तयार आणलंय, शाकाहारी." थोरली म्हणाली, "मी आपलं माहिती म्हणून सांगितलं." माहिती म्हणून!

तिसरी अडचण पाऊस. ही खरी. साखर हवेतलं पाणी ओढते हो. फॉन्डंट म्हणजे नुसती साखर, त्याला पावसात घाम फुटतो, चिकट होतं, पैलवान असेल तर वाकतो. फ्रीजमध्ये ठेवावं तर बाहेर काढल्यावर दव धरतं, म्हणजे आणखीनच वाईट. आपण कशी पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो, 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, तशी ती बाई मोबाईलवर हवेतल्या ओलाव्याचा आकडा बघत बसायची. घरात एसी एकच. थोरलीच्या बेडरूममध्ये.

हसू नका. हो, तेच झालं. दोन पैलवान थर्माकोलच्या तुकड्यावर उभे करून थोरलीच्या ड्रेसिंग टेबलावर. एसी चालू. थोरले भाऊजी बिचारे काही बोलले नाहीत, पण थोरली उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला आली. म्हणे, अंधारात दोन उघडी माणसं उभी असलेली बरी वाटत नाहीत.

पैलवान मात्र काय केले होते! नुसत्या फॉन्डंटचे उभे राहत नाहीत, पाव किलोला चमचाभर सीएमसी पावडर मळावी लागते, मग ते कणीक सोडून मातीच्या वळणावर जातं. पायात हाडं म्हणून कोरडी स्पॅगेटी खुपसलेली. टूथपिक नाही हं, एखाद्या पोराच्या घशात गेली म्हणजे? आधी पाय करून वाळवायचे, मग धड, मग हात, डोकं सगळ्यात शेवटी. घाई केली की पोट सुटतं. एकाचं सुटलंच होतं, ते तिनं तसंच ठेवलं, म्हणाली एक हेवीवेट असू दे.

लंगोटावरून वेगळीच गंमत. थोरली म्हणाली, "लहान मुलं असणार, पाहुणे असणार... निदान शॉर्ट्स घालू या का त्यांना?" आबा आतून ओरडले, "का, सॉक्स-बूट बी घाल की!" तांबडा लंगोट राहिला.

आणि मग आबांची तपासणी. वहिनी, ही तुम्ही बघायला हवी होती. चष्मा पुसून, हात पाठीमागे बांधून, ड्रेसिंग टेबलाभोवती एक फेरी मारली. गप्प. धाकटी पदराशी चाळा करतेय. मग म्हणाले, "ह्यो पैलवान हाय का तलाठी?"

धाकटीचा चेहरा पडला. "का हो आबा?"

"कान बघ की. कसले गुळगुळीत! मातीत घासून घासून पैलवानाचा कान मोडतोय, गड्डा होतोय त्याचा. कानावरनं पैलवान वळकायचा." खरंच आहे हो ते, गंगावेशीतला कुठलाही जुना वस्ताद आठवा. धाकटीनं तिथल्या तिथे चमच्याच्या पाठीनं चारी कान दाबले. मग हात बघितले. एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, नुसता ठेवलेला. "ह्यो काय फोटू काढायला हुबा हाय व्हय? खडाखडी दाव. मानंवर हात, पंज्यात पंजा." आणि स्वतः हात पुढे करून दाखवायला लागले! ऐंशी वर्षांचे आबा आणि आपली धाकटी सून, थोरलीच्या बेडरूममध्ये, एकमेकांची मान धरून. तेवढ्यात थोरली आत आली...

नाही, त्यावर मी काही बोलत नाही. तुम्हीच डोळ्यांपुढे आणा.

बोलता बोलता आबा खाशाबा जाधवांवर घसरले. ते घसरणारच. 1952, हेलसिंकी ऑलिंपिक, आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केलेले. मग 1959, श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी. धाकटी ऐकता ऐकता फॉन्डंट लाटत होती, चार मिलिमीटर जाडीचं, खाली कॉर्नफ्लोअर भुरभुरून. आबा बोलत राहिले आणि तिचं काम होत राहिलं. तिला बोलतं ठेवायचं कळतं माणसाला. थोरलीला हे जमत नाही, वाईट नाही हो ती, पण मध्येच करेक्शन करते.

बरं, खासबाग कशी केली ते राहिलंच. तिनं इंटरनेटवर शोधलं, तर खासबागेचा केक कोण कशाला करेल? कुठे सापडेना. शेवटी रोमच्या कोलोसियमचा केक कुणी परदेशी बाई करत होती, तो व्हिडिओ बघून वही भरली. नातवानं चुगली केली आबांना, "आजोबा, काकी तुमच्या खासबागेच्या नावाखाली रोमचं स्टेडियम करतेय." त्याला वाटलं आता आबा भडकणार. आबा म्हणाले, "मग बराबरच हाय की! शाहू महाराज 1902 ला बादशहाच्या राज्यारोहणाला विलायतेला गेले, तवा रोमात त्येच बघून आले. त्येच मनात धरून खासबाग बांधली, 1912 ला पुरी झाली. शेवटच्या रांगंतल्या गड्याला बी मधली माती दिसती, ती काय उगं?" पोरगं गप्प झालं. धाकटी म्हणाली, "म्हणजे मी महाराजांच्याच वाटेनं गेलो की!" आणि माईसुद्धा हसल्या, ज्या सहसा हसत नाहीत.

तर केकचं असं, की दोन मोठे गोल थर एकावर एक, मधोमध कोरून काढलेलं, आणि बाहेरून आत उतरत्या पायऱ्या. त्यावर गनाश, दुप्पट चॉकलेट आणि एकपट क्रीम, म्हणजे घट्ट राहतं. मोठी चादर अंथरून अख्खा केक झाकतात ना तसं इथे चालेना, खोलगट जागेत फॉन्डंट ताणलं की फाटतं आणि कोपऱ्यात चुण्या पडतात. मग तिनं पायरीपायरीच्या वेगळ्या पट्ट्या लावल्या. पायऱ्यांवर प्रेक्षक, म्हणजे नुसत्या फॉन्डंटच्या बारक्या बारक्या गोळ्या, भगव्या, पिवळ्या, गुलाबी. लांबून बघितलं तर फेटेच फेटे! माईंनी वळल्या त्या. शेवया वळायचा हात आहे तो.

आणि मधल्या आखाड्यात तांबडी माती. रेड व्हेलवेटचा चुरा हो! आबांनी चिमूट उचलून वास घेतला आणि विचारलं, "मातीत ताक घातलंस का?" तुम्हाला माहितीय ना, आखाड्याच्या मातीत हळद, तेल, लिंबू, कापूर, ताक, काय काय घालून मळतात. धाकटीचे डोळे असे मोठे झाले. म्हणाली, "आबा, शपथ घेतो, घातलंय! ह्या केकमध्ये ताकच लागतंय." खरंच लागतं, ताक आणि सोडा, त्यानं तो हलका होतो. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. थोरली दारात उभी होती. बाई गं... तिचं ते तोंड मला अजून दिसतंय. मला जरा वाईटच वाटलं तिचं, खोटं कशाला बोलू. एसी तिचा, खोली तिची, आणि डोक्यावर हात धाकटीच्या.

म्हणून तर तिनं सुरी आणली होती ना! महाद्वार रोडवरून, खास. म्हणजे निदान कापताना तरी आपण शेजारी उभं राहू, फोटोत येऊ. आणि तिथे माईंचं 'आज नागपंचमी'.

आता यात चूक कुणाची सांगा. नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, हे काय नवीन आहे? सकाळपासून घरात पुरणाची दिंडं उकडली होती, कोशिंबिरीची काकडी आदल्या रात्री चोचवून ठेवली होती. मग केक कोण कापणार हे एवढ्या माणसांच्या घरात एकालाही सुचू नये? मला तर वाटतं माईंना सुचलं होतं. आधीच. आणि त्या मुद्दाम गप्प बसल्या. माझं आपलं म्हणणं, तुम्ही कुठे बोलू नका.

मग सुरू झाले सल्ले. थोरले भाऊजी म्हणाले केकला काय होतंय, केक म्हणजे काय भाजी आहे? माई म्हणाल्या, सुरी ती सुरी. नातू म्हणाला दोऱ्यानं कापू. आबांची बहीण म्हणाली, दोऱ्यानं काय नि सुरीनं काय, कापणं ते कापणंच, उद्या कापा. उद्या! पोरांनी भोकाड पसरलं. आणि तेवढ्यात तालमीतले आबांचे एक जुने दोस्त, कोपऱ्यात बसलेले, ते म्हणाले, "पंचमी असू दे न्हायतर दसरा. खासबागंवर सुरी फिरवायची? महाराजांच्या?" आता झाली का पंचाईत! म्हणजे उद्यासुद्धा नाही. परवासुद्धा नाही. सगळे केककडे बघतायत. एका पैलवानाला तोवर घाम फुटायला लागलेला, माणसं जमली, खोली तापली, हेवीवेट गडी हळूहळू पुढे झुकतोय.

थोरली सुरी मागे घेऊन पदराआड लपवतेय. आणि आबा उठले.

सदऱ्याच्या बाह्या मागे सारल्या. म्हणाले, "कुस्तीला हत्यार कवापासनं लागाय लागलं?" दोन्ही पैलवान उचलून अलगद ताटात ठेवले. मधल्या चुऱ्यात हात घातला, मूठभर माती उचलली, दोन्ही तळव्यांना चोळली, मांडीवर शड्डू ठोकला. वहिनी, ऐंशीचा माणूस! काय आवाज झाला! आणि मग दोन्ही हातांनी खासबागेची पूर्वेची बाजू धरून फोडली. फॉन्डंट असलं चिवट, तुटता तुटेना, ताणलं गेलं, पट्टी लांब झाली, पोरं ओरडतायत "आबा, आबा!", आणि फाटकन आलं हातात. टाळ्या, शिट्ट्या! पहिला तुकडा माईंना. दुसरा...

दुसरा थोरलीला दिला हो. बरोबर ना? आबांना सगळं दिसतं. म्हणाले, "पैलवानांना गारव्यात ठेवलंस तू. वस्ताद त्येलाच म्हणत्यात." थोरली हसली, रडली, दोन्ही केलं. सुरी तशीच काखेत. धाकटीला तिसरा. तिनं तोंडात टाकला आणि पहिला शब्द काय म्हणाली असेल? "गनाश जरा जास्त झालं."

चव? चव चांगली होती. पण खरं सांगू का, ते वरचं फॉन्डंट गोडमिट्ट, मी बाजूला काढून ठेवलं. सगळेच काढतात. एवढी मेहनत आणि शेवटी ताटाच्या कडेला रंगीत साली. तालमीतल्या त्या दोस्तांनी मात्र फेटेसुद्धा सोडले नाहीत, गोळ्या वेचून वेचून खाल्ल्या. पैलवान राहिलेत, काचेच्या बरणीत, तांदळाच्या पुरचुंडीसकट, म्हणजे ओल धरायला नको. ते कुणी खायचे यावर दोन्ही नातवंडांची मारामारी चालू आहे. आबा म्हणतात, जो चितपट करंल त्याला.

आणि आता नवीन बातमी. धाकटीला ऑर्डरी यायला लागल्यात. बँकेतल्या काकूंनी मेस्सीचा अर्धपुतळा हवा म्हणून विचारलं. तिनं आकडा सांगितला. काकू म्हणाल्या, बॉलच कर, छोटासा. आणि थोरली? ती स्वस्थ बसेल होय! काल कपाटातनं आबांचा शाळेचा दाखला काढून बसली होती. त्यावर जन्मतारीख 1 जून. त्या काळी मास्तर सगळ्या पोरांना 1 जूनच लावायचे, आमच्या ह्यांचीही तीच आहे. तर तिनं जाहीर केलंय, पुढच्या वर्षी दाखल्याच्या तारखेनं. जूनमध्ये श्रावण नाही, पंचमी नाही. फोटो केक, आणि सुरी.

माईंना विचारलं मी, तुम्ही काय म्हणालात? म्हणाल्या, "मी कुठे काय म्हणतेय? 1 जूनला अजून वेळ आहे."